‘खारं लगीन’मधला कापलेला धवळा

वसंता,

परवा तुझं बारावं झालं. जेवणं उरकल्यावर खांदा कॉलनीतल्या तुझ्या हॉलमध्ये तन्वीने मोबाइलवर ‘खारं लगीन’ लावलं. तुझी कॅसेट चाळीस वर्षांनी कुठल्याशा रद्दीवाल्याकडे सापडल्यावर ती पुन्हा रेकॉर्डवर काढायची म्हणून दोन वर्षं तुझ्यामागे लागलेली ती मुलगी. तिच्याबरोबर तिचे चार मित्रही आले होते. शेवटच्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात, तुझ्या पारूमावशीचा आवाज एकटा उरतो, गाण्यातली नवरी बोहल्यावर चढते आणि ओळीच्या मध्येच टेप तुटल्यासारखी संपते. मग त्या मुलांपैकी एक जण म्हणाला, "काय शेवट केलाय यार." दुसऱ्याने मला समजावून सांगितलं, की आगरं गेली, जमिनी गेल्या, म्हणून वसंतकाकांनी लग्न मध्येच तोडलंय, मिठागरांचं मरण दाखवलंय.

मी पाण्याचा ग्लास हातात धरून बसलो होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, मला रडू येतंय.

तो शेवट तू केलेला नाहीस. जन्मभर तू ज्याला शिव्या घातल्यास त्या कॅसेटवाल्या शेठनेही केलेला नाही. तो मी केला. हे तुला सांगायचं होतं तेव्हा सांगितलं नाही, आता निदान नीट पहिल्यापासून सांगतो.

तू मिठागरवाल्यांचा, मी पनवेलच्या कापडबाजारातला. कॉलेजात भेटलो तेव्हा तुझ्या हातात गिटार होती आणि पायात वहाण नव्हती. आगरात वाढलेल्याला बूट सोसत नाहीत म्हणायचास. पुढे आपण बँड काढला तेव्हाही तू स्टेजवर अनवाणीच उभा राहायचास आणि कुलाब्याच्या पोरींना ती स्टाइल वाटायची. ‘लॅन्टर्न्स’ हे नाव मी सुचवलेलं. ड्रमवर ते रंगवताना पेंटरने एक अक्षर खाल्लं, ते पुन्हा रंगवायला कुणाकडे वेळ नव्हता. तू बास, मी ऑर्गन, आणखी दोघे. नाताळचे नाच, कॉलेजांची गॅदरिंग, कधी एखादं लग्न. सगळी गाणी इंग्रजी. त्यातले निम्मे शब्द तुझ्या मनचे असत. मी वैतागलो की म्हणायचास, "सुध्या, नाचनाऱ्यांना तरी कुठं कलतंय?"

एका नाताळनंतर आपण सकाळच्या लाँचने मुंबईहून उरणच्या मोरा बंदरात येत होतो. ओहोटी लागली होती, लाँच धक्क्यापासून लांब थांबली होती आणि तू बास मांडीवर घेऊन चिखलाकडे बघत बसला होतास. म्हणालास, "ज्या रस्त्यावर आपन कदी चाललो नाय त्याची गानी बोलतो. आमच्या बांधावर एक गानं नाय." मला वाटलं, जागरणामुळे बोलतोयस. पुढच्या आठवड्यात तू बँड सोडलास.

इथे एक बारीक गोष्ट दुरुस्त करतो. तू गेलास म्हणून बँड मोडला, असं आपले जुने लोक अजून म्हणतात. बँड तुझ्यामुळे मोडला नाही. ड्रमवाल्याला दुबईची नोकरी लागली म्हणून मोडला. तुझ्यावर ढकलणं सगळ्यांना सोपं गेलं, मलाही.

दीड-दोन वर्षांनी तू दुकानात आलास. वडील गिऱ्हाईकाला साडी दाखवत होते. तू गल्ल्याशी उभा राहून, जसं कुणी मुलीचं स्थळ आणतं तशा आवाजात सांगितलंस, की एक कॅसेट काढायची आहे, सगळी मिळून एकच गोष्ट: खाडीचं लग्न. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधाच्या लाकडी दारातून, आगरात येतं, ती नवरी. सूर्य तिला बघायला रोज येतो. ती सुकत जाते, चमकत जाते आणि शेवटी तिचं मीठ होतं. मी विचारलं, "मग लग्न होतं की ती मरते?" तू म्हणालास, "लगीन झाल्यावर माहेरची पोर जाते तशीच जाते." वडिलांनी साडीची घडी घालता घालता तुझ्याकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "याला चहा पाज."

ते चार महिने मी आयुष्यात पुन्हा जगलो नाही. तुझ्या डोक्यात काय येईल त्याचा नेम नव्हता. ड्रम नको म्हणालास, कारण आगराची जमीन मीठ धरण्याआधी पायांनी तुडवून घट्ट करतात आणि त्या पायांना ताल असतो. मग तुझे तीन चुलते आणि दोन चुलत्या ओल्या जमिनीवर रांगेने पाय आपटतायत आणि मी स्पूलचा टेपरेकॉर्डर छातीशी धरून चिखलात उभा आहे. थोरले चुलते मध्येच थांबून विचारत, "वसंता, ह्ये रेडिओवर लागनार?" तू म्हणायचास, "लागेल." ते म्हणायचे, "मंग जरा जोरान मारू." अख्ख्या कॅसेटमध्ये तो ताल हळूहळू जलद होत जातो. तन्वी म्हणते ते फार विचारपूर्वक केलंय. तुझे चुलते रेडिओसाठी जोर लावत होते, एवढंच ते होतं.

बास वाजवायला तुला घुमणारी जागा हवी होती. नव्या पनवेलमध्ये तेव्हा इमारती उठत होत्या. एका इमारतीच्या कोरड्या टाकीत तू शिडीने उतरलास. वॉचमन येऊन टाकीच्या तोंडाशी ओरडला, "अंदर कौन है?" आतून तू अतिशय नम्रपणे म्हणालास, "बस दो मिनट, लड़की को हल्दी लग रही है." तो बिचारा पळालाच. ते वाक्य टेपवर आहे, नीट कान दिला तर ऐकू येतं.

आणि रेकॉर्डिंगची वेळ तू घड्याळावर नाही, तिथीवर ठरवायचास. मी रविवार मोकळा ठेवून यावं आणि तू म्हणावंस, "आज अष्टमी हाय, भांगाचं पानी, भरतीला जोर नाय. नवरी आशी मरगळलेली नको. पुनवेला ये, उधान असेल." पुनवेला मला दुकानातून सुटी मिळेना. यावरून आपण किती भांडलो. तुझ्या पंचांगाची मी टिंगल करायचो, तू माझ्या ऑर्गनची. माझा एक तुकडा होता, ‘ओहोटी’ नावाचा, एकट्या ऑर्गनचा. तू म्हणायचास, "सुध्या, खरी ओहोटीपन सहा तासांत संपते."

शेवटचं गाणं पारूमावशीचं. ती तुझी सख्खी मावशी आणि आसपासच्या गावांतली नावाजलेली धवळारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवळारीण गाते आणि तिच्या गाण्याने लग्न लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं, मी शेजारच्या गावात वाढूनही. तिचं ते गाणं, म्हणजे धवळा, लग्नाबाहेर गात नाहीत. म्हणून तू तिला आगराच्या बांधावर घेऊन आलास आणि सांगितलंस, की हे लग्नच आहे.

"नवरी कोन?" मावशीने विचारलं.

"खाडी."

"आनी नवरा?"

तू वर बोट दाखवलंस. मावशीने डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे पाहिलं. "ह्यो? ह्यो तर रोज बुरतो. आशाच्या गल्यात पोर बांधतोस?"

"सकाली परत येतो ना, मावशी."

"सगले नवरे तसंच बोलतात."

आम्ही हसलो, तीही हसली. पण नंतर तिने पदर सारखा केला, पाण्याला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि मग तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. गायच्या आधी तिने तुला बजावलं, "धवला चालू केला का पुरा करीन. मदी तोरायचा नाय. नवरी बोवल्यावर उबी रायली आनी धवला थांबला, तर ती ना ह्या घरची ना त्या घरची." तू तिच्या पायांना हात लावून हो म्हणालास. टेपरेकॉर्डर माझ्या हातात होता. ते मीही ऐकलं होतं.

ती गायली. पूर्ण गायली. ते पूर्ण गाणं ऐकलेला आता या जगात बहुतेक मी एकटा उरलो आहे.

त्यानंतर तुला कावीळ झाली आणि तू नेऱ्याला मामाकडे झाडपाल्याचं औषध घेत पडलास. जाताना तू मला दोन गोष्टी सांगितल्यास: दादरच्या स्टुडिओत जाऊन टेप जोडून घे आणि अंधेरीच्या शेठकडे छापायला दे; आणि लांबलंच तर ‘ओहोटी’ काप. शेठने मला चहा पाजला, टेप लावून बघितली आणि सांगितलं, दुसरी बाजू कॅसेटमध्ये मावत नाही, चार-पाच मिनिटं कमी करून आणा.

मी स्टुडिओत ब्लेड घेऊन बसलो. तू काय कापायला सांगितलं होतंस ते मला पक्कं आठवत होतं. पण ‘ओहोटी’ ही मी माझी म्हणून केलेली पहिली गोष्ट होती. बँडमध्ये मी दुसऱ्यांची गाणी वाजवली, दुकानात वडिलांचं कापड विकलं. मी स्वतःला म्हटलं, म्हातारीचं गाणं शहरात कोण शेवटपर्यंत ऐकणार आहे? थोडं कमी झालं तर कुणाला कळतंय? नेऱ्याला यायला एसटी होती. येऊन तुला विचारता आलं असतं. आलो नाही, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. मी धवळा कापला. कापलेली पट्टी टोपलीत टाकली आणि ती केराबरोबर गेली.

मामाच्या ओटीवर तू पहिल्यांदा कॅसेट ऐकलीस. डोळे अजून पिवळे होते. ‘ओहोटी’ लागली तेव्हा माझ्याकडे बघून मान डोलावलीस. मग मावशी आली आणि तुटली. तू बटण दाबून पुन्हा ऐकलंस. "हे काय?" मी म्हणालो, "छापताना झालं असेल." एवढंच. सरळ खोटं, एका वाक्याचं. पण तू माझ्यावर एका क्षणाचाही संशय घेतला नाहीस.

अंगात ताकद नसताना तू अंधेरीला गेलास आणि त्या शेठला त्याच्या माणसांसमोर नको ते बोललास. तो हात जोडून सांगत होता, "मैंने टेप को छुआ नहीं, साहब." मी तुझ्या मागे उभा होतो. तो माझ्याकडे बघत होता, कारण टेप कमी करून आणा असं त्याने मलाच सांगितलं होतं. त्याने ते तुझ्यासमोर का काढलं नाही, मला कळलं नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, मित्रांमधलं आहे, मित्र बघून घेतील. तो माणूस आता हयात नाही. त्याची चूक काहीही नव्हती, हे इथे स्पष्ट लिहितो.

मावशीने कॅसेट तुझ्या घरी ऐकली. संपल्यावर म्हणाली, "वसंता, पोरीला बोवल्यावर उबी करून आलास." पुढे तुझ्या मुलीच्या लग्नात ती आली, शेवटच्या रांगेत बसली, जेवली, पण गायली नाही. तू हात जोडून तिच्यासमोर बसलास. तिने सांगितलं, "पयलं लगीन पुरं कर." मी वाढप सोडून तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी पुढच्या पानाला भात वाढायला गेलो.

तुझ्या डोक्यात दुसरी कॅसेट तयार होती. पावसाळ्यात आगर पाण्याखाली झोपतं, त्या झोपेची. तिचे दोन तुकडे तू मला एसटी स्टँडजवळच्या तुझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, कुणाचा तरी स्पीकर उघडा पडलेला असताना, वाजवून दाखवले होतेस. मी म्हणालो, काढ ना. तू म्हणालास, "एक लगीन अर्धं ठेवून दुसरं कसं काढू?" हसतच म्हणालास. पण तू ती काढली नाहीस. आपण रेकॉर्डिंग केलं ती आगरंही उरली नाहीत. त्यांच्या जागी द्रोणागिरीची गोदामं झाली, आणि त्या वाटेने जाताना तू ड्रायव्हरला सांगायचास, "हळू घे, इथं माझे चुलते पाय मारतायत." मला ‘पाणी सुकत चाललंय, आता वाजवून घे’ असं तुला सांगता आलं असतं, खरं काय ते सांगितलं असतं तर. तू मला दोन शिव्या दिल्या असत्यास, महिनाभर दुकानात घेतलं नसतंस. मग ज्याच्याशी भांडून दार बंद झालं होतं त्या शेठची माफी मागून, मावशीला पुन्हा बसवून गाऊन घेतलं असतंस. महिन्याभराच्या अबोल्याला घाबरून मी तुझी दुसरी कॅसेट खाल्ली. असा हा हिशेब आहे, वसंता, आणि तो मला कधीच जुळवता आला नाही.

तरी आपली मैत्री खोटी नव्हती. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी म्हणत नाही. माझी बायको गेली तेव्हा महिनाभर तू रोज संध्याकाळी येऊन माझ्या घरी गप्प बसायचास, जाताना सांगायचास, "उद्या येतो, उद्यापन बोलायचं काय नाय." माझं कापडाचं दुकान बंद झालं त्या दिवशी तू शेवटचं गिऱ्हाईक म्हणून आलास आणि लुंगीचं कापड घेऊन भाव करत बसलास. तन्वीने शेवटाचं कौतुक केलं तेव्हा तू दर वेळी सांगितलंस, "तो माझा नाय, फॅक्टरीवाल्याचा." तिला वाटलं, मोठ्या माणसाचा विनय. तुला खोटं कौतुक चालत नव्हतं, आणि मला ते तुझ्या शेजारी बसून चालत होतं.

शेवटच्या आठवड्यात मी ठरवून आलो होतो. तू पलंगावर भिंतीला टेकून बसला होतास, बोटं चादरीवर बास वाजवत होती. मी खुर्ची ओढली. तू आधी बोललास. "सुध्या, ओहोटी चांगली वाजवलेलीस रे. तेव्हा बोललो नाय." मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "उकाडा फार आहे, पंखा वाढवू का?"

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पारूमावशीच्या मुलीकडे गेलो. गुलाबताई आता स्वतः धवळारीण आहे, आईच्या जागी तीच गाते. ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"आता सांगतास?" ती म्हणाली. "आई जाऊन किती वर्सं झाली. वसंतादादापन गेला. आता आयकनारा कोन हाय?"

तिने सुपातला खडा उचलून अंगणात टाकला.

"वसंतादादावर आई राग धरून गेली, ठाव हाय ना?"

"हो."

"तुमच्या नावानं धरायला पायजे व्हता."

"हो."

तिने सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, "कंच्या ओलीवर तुटला?" मी चाल गुणगुणली. तिने लगेच ओळखलं. "बोवला चरते तितं. पुढं अजून लई हाय." सूप बाजूला ठेवलं. "रविवारी नेऱ्याला लगीन हाय. त्यांचं लागलं, पंगत बसली, का मी मांडवात बसून पुढचं गाईन. खाडीचं. आईन आरधा ठेवला न्हवता, मीपन नाय ठेवनार. मशीन आनायचं नाय."

मी तन्वीला फोन केला. कापलेली पट्टी कुठे आहे, हे तिने पहिलं विचारलं. ती केराबरोबर गेली, हे सांगितलं. मी म्हणालो, गुलाबताई रेकॉर्ड करू देणार नाही. ती म्हणाली, "मग काका, शेवट आहे तसाच जाईल. पण तो कसा झाला ते आत छापते." मी तिला सांगितलं, कॅसेटवर माझं नाव ‘ऑर्गन आणि संकलन’ असं आहे, तिथे लिही की वसंताने सांगितलेलं न ऐकता धवळा सुधाकरने कापला, आणि शेठचा व वसंताचा त्यात काही दोष नाही. तिने ते टिपून घेतलं. तुझ्या चाहत्यांना हे आवडणार नाही. मिठागरांचं मरण जास्त चांगलं वाटतं.

गुलाबताईच्या ओट्यावरून निघताना मी तिला विचारलं होतं, मी मागे कुठे बसू. ती म्हणाली, "मागं कशाला? नवरीकरून मी हाय. नवऱ्याकरचा कोनीच नाय. तुमी बसा."

तेव्हा रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून नेऱ्याला जाणार आहे. सूर्याकडचा वऱ्हाडी म्हणून. वाजवायचं नाही, कापायचं नाही, हातात काही धरायचं नाही, फक्त शेवटपर्यंत बसायचं. तू असतास तर आपण वाटेत नक्की भांडलो असतो, की तू कुठल्या बाजूचा. मी म्हणालो असतो, लग्न तू जमवलंस, तू मध्यस्थ. तू ते ऐकून घेतलं नसतंस. खाडीच्या बाजूला जाऊन बसला असतास, अनवाणी, नवरीचा भाऊ म्हणून, आणि धवळा पुरा होईपर्यंत माझ्याकडे बघितलं नसतंस.

तुझा,
सुधाकर